टुंड्राची पाखरे, गोदेचा गाळ

होळी झाली की घाणेवाडीच्या तलावाचे पाणी मागे सरकू लागते आणि काठाला ओल्या गाळाचा एक पट्टा उघडा पडतो. जालना शहराला निजामाच्या काळापासून पाणी पाजणारा हा तलाव. सकाळी ऊन चढण्याआधी त्या गाळावर चिमणीएवढी, वरून राखी-तपकिरी आणि पोटाला पांढरी पाखरे पळताना दिसतात. काळी चोच, काळे पाय. सुपातले खडे टिपणाऱ्या बाईच्या बोटांना जी गती असते, ती त्यांच्या चोचीला. पक्षिनिरीक्षक या पाखराला छोटा टिलवा म्हणतात. गावात त्याला वेगळे नाव नाही. पाणपाखरे म्हटले की त्यात तो आला. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर.

एप्रिल सरता सरता त्याच्या पाठीवर तांबूस झाक चढते, कातडीखाली चरबी साठते आणि एका रात्री थवा उठतो. मे सरेपर्यंत काठ रिकामा होतो.

जालन्यात उभे राहून तोंड सरळ उत्तरेला केले आणि नाकासमोर चालत राहिले, तर वाटेच्या थोडे इकडे-तिकडे बऱ्हाणपूर, उज्जैन, जयपूर, लुधियाना, कारगिल, मग काश्गर, अल्माटी आणि पुढे सगळा सायबेरिया ओलांडून आपण गिदान नावाच्या द्वीपकल्पावर पोचतो. त्याच्या पलीकडे गोठणारा समुद्र. गिदानच्या पूर्वेला तैमिर आहे. आशियाच्या मुख्य भूमीचे सर्वांत उत्तरेचे टोक, चेल्युस्किन, तिथेच. आपल्यापासून हे सहा हजार किलोमीटरहून लांब. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून पूर्व सायबेरियापर्यंतच्या या झाडे नसलेल्या, खाली कायम गोठलेल्या जमिनीच्या पट्ट्याला टुंड्रा म्हणतात, आणि छोटा टिलवा अंडी घालतो तो तिथे. आपल्याकडे तो आठ-नऊ महिने राहतो. तरी त्याचा जन्म तिथला, आणि त्याच्या पिलांचाही.

मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. टुंड्राचा धडा आला की बर्फाचे घर, कुत्र्यांची गाडी आणि रेनडिअर एवढ्यावर तास संपत असे. तो प्रदेश मुलांना दूरचा आणि निर्जीव वाटे, आणि खरे सांगायचे तर मलाही. शाळेपासून काही मैलांवरच्या तलावाच्या काठावर त्याच प्रदेशातली पाखरे पळत होती, हे मला फार उशिरा कळले. ध्रुवप्रदेश तापतो आहे आणि त्या तापण्याने तिथल्या जिवांची एकमेकांशी असलेली नाती कशी उसवत चालली आहेत, हा या पुस्तकाचा विषय. तो जालन्याच्या वाचकापुढे ठेवताना मला ध्रुवापासून सुरुवात करावीशी वाटली नाही, ती याचमुळे.

नाते म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आपला सगळा संसार वेळा जुळण्यावर उभा आहे. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागतो, रोहिणी सरते, मृग लागतो, आणि तिफण बाहेर निघते. बदनापूर-अंबडकडच्या मोसंबीच्या बागा पाहा. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो: पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, मग खत घालून पाणी सोडायचे, की फुले फुटतात. ताणावर असलेल्या बागेत अवकाळी सरी पडल्या की ताण मोडतो. झाड जिवंत असते, हिरवे असते, पण फूल वेळेवर येत नाही. कांद्याच्या डोंगळ्याचे तसेच. या बियाण्याच्या मुलखात, जिथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची सुरुवात केली, तिथल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक आहे की डोंगळे फुलावर असतात त्या दिवसांत मधमाशी आली पाहिजे. पंधरा दिवसांनी आलेली मधमाशी काय कामाची?

ध्रुवप्रदेशात आज जे चालले आहे ते याच जातीचे आहे. हवा तापली म्हणून तिथले जीव उष्म्याने पटापट मरत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. जीव मरण्याआधी त्यांच्या भेटी चुकतात. एकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेपासून सुटते, आणि जे काही मरते ते त्यानंतर. हे एक वाक्य मनात ठेवून पुढची पाने वाचावीत, एवढे माझे मागणे आहे.

आधी तापण्याचे मोजमाप. फिनलंडच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की १९७९ नंतरच्या चार दशकांत ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला. याचे एक मोठे कारण साधे आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळे पाणी ते पिऊन टाकते. बर्फ वितळला की पाणी उघडे पडते, उघडे पाणी अधिक तापते, आणि तापलेले पाणी उरलेला बर्फ खाते. उत्तर ध्रुवसमुद्रावरचा बर्फ दर सप्टेंबरात सर्वांत कमी असतो. १९८० च्या आसपास तो सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो चौतीस लाखांच्या आसपास उरला. आकडे एवढेच पुरेत. मला टिलव्याच्या पिलाकडे यायचे आहे.

टिलवा जूनमध्ये टुंड्रावर पोचतो तेव्हा तिथे सूर्य मावळत नसतो. जमिनीवरचा बर्फ नुकताच जात असतो. मादी बहुधा चार अंडी घालते, आणि पुष्कळदा एका घरट्यावर नराला बसवून दुसऱ्या घरट्यात पुन्हा चार अंडी घालून ती स्वतः उबवते. एवढ्या लहान उन्हाळ्यात दोन घरटी उरकण्याची ही युक्ती. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात. चिमणीचे पिलू घरट्यात तोंड वासून बसते, आईबाप त्याला भरवतात. टिलव्याचे पिलू पहिल्याच दिवशी आपल्या पायांवर पळते आणि आपला घास आपण शोधते. तो घास म्हणजे टुंड्राच्या डबक्यांतून उठणारे डास, चिलटे आणि लांब पायांच्या माश्या. या किड्यांचा बहर थोड्याच आठवड्यांचा, आणि तो केव्हा यायचा हे बर्फ कधी वितळला आणि माती किती उबदार झाली यावर ठरते. पिले आणि किडे एकाच वेळी आले तर पिलू भराभर वाढते आणि जेमतेम तीन आठवड्यांत उडते.

बर्फ आता लवकर वितळतो. किडे लवकर उठतात. पण पाखराला हे कसे कळावे? घाणेवाडीच्या गाळात उभे असताना त्याला तैमिरचा बर्फ दिसत नाही. ते निघते ते दिवसाच्या लांबीवर आणि शरीरातल्या घड्याळावर, आणि दिवसाची लांबी तापमानाने बदलत नाही. वाटेत थोडीफार घाई ते करू शकते, पण किती? हजारो किलोमीटरवरच्या लग्नाला जुन्या पंचांगातला मुहूर्त पाहून निघालेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. तिकडे मुहूर्त अलीकडे आणला गेलेला असतो.

या चुकलेल्या मुहूर्ताची किंमत कुठे मोजली जाते, याचा सर्वांत चांगला अभ्यास टिलव्याच्याच एका मोठ्या भावंडावर झाला आहे. नॉट हा तैमिरवर घरटी करणारा पाणपक्षी. त्याची एक शाखा हिवाळा काढते आफ्रिकेत, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर. नेदरलँड्सचे यान व्हान खिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तेहतीस वर्षांची मोजमापे एकत्र मांडली. तैमिरवरचा बर्फ दर वर्षी साधारण अर्धा दिवस आधी जाऊ लागला होता. ज्या वर्षी बर्फ लवकर गेला, त्या वर्षी जन्मलेले नॉट अंगाने लहान आणि चोचीने आखूड भरले, कारण वाढत्या वयात त्यांना पोटभर किडे मिळाले नाहीत. इथवर सगळे उत्तरेतच. पण मॉरिटानियाच्या चिखलात त्यांना ज्या शिंपल्यांवर जगायचे असते ते खोल रुतलेले असतात. आखूड चोच तिथवर पोचत नाही. मग ती पाखरे समुद्री गवताची मुळे खाऊन दिवस काढतात, आणि त्यांतली पुष्कळशी पुढचा हंगाम पाहत नाहीत. म्हणजे उपासमार झाली ध्रुवावर, आणि मरण आले विषुववृत्ताच्या बाजूला, खाण्याने भरलेल्या चिखलात. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. तेव्हापासून घाणेवाडीच्या काठावर एखादा टिलवा इतरांपेक्षा लहान दिसला की माझी नजर त्याच्या चोचीवर जाते. डोळ्याने ते मोजता येत नाही हे मला माहीत आहे. तरी जाते.

आता एका उंदराची गोष्ट. टुंड्राची खरी नाडी त्याच्या हातात आहे, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे. लेमिंग हा आखूड शेपटीचा, गुबगुबीत, मुठीत मावेल एवढा उंदीर. तो हिवाळ्यात झोपून राहत नाही. जमीन आणि वरचा भुसभुशीत बर्फ यांच्यामध्ये एक पोकळी असते. वर उणे तीस अंश असले तरी तिथे सुसह्य असते. त्या अंधारात तो गवत आणि शेवाळ खातो, गवताची घरटी बांधतो, पिलेही घालतो. दर तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या अफाट वाढते आणि मग एकदम कोसळते. ते थव्याने कड्यावरून उड्या टाकून जीव देतात ही १९५८ च्या एका अमेरिकी चित्रपटाने जगभर पसरवलेली खोटी गोष्ट आहे. अजून सांगितली जाते म्हणून इथे खोडून ठेवतो.

लेमिंग भरपूर असले की ध्रुवीय कोल्हा, पांढरे हिमघुबड आणि स्कुआ नावाचे लुटारू समुद्रपक्षी त्यांच्यावर ताव मारतात. पक्ष्यांच्या अंड्यांकडे कोणाचे लक्ष नसते. काही रानहंस तर मुद्दाम हिमघुबडाच्या घरट्याजवळ आपले घरटे करतात, कारण घुबड आपल्या पिलांसाठी कोल्ह्याला हुसकावते आणि हंसाची अंडी आयतीच राखली जातात. लेमिंग कोसळले की घुबड निघून जाते, उपाशी कोल्हा टुंड्रा पिंजून काढतो, आणि त्या वर्षी पाखरांच्या पिलांचे पीक बुडते. याचा पुरावा कुठे सापडला असेल? दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या लांगेबान खाडीवर उत्तरेच्या हिवाळ्यात येणाऱ्या, वाकड्या चोचीच्या टिलव्यांमध्ये कोवळी पाखरे किती आणि जुनी किती याचे प्रमाण काही वर्षांनी वरखाली होते, आणि ते तैमिरच्या लेमिंगांच्या चढउताराशी जुळते, हे १९८७ मध्ये दाखवले गेले. सायबेरियातल्या बर्फाखालच्या उंदराची खानेसुमारी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चिखलात उभे राहून करता आली.

लेमिंगांच्या चढउताराचा हा पाळणा आता अनेक ठिकाणी थांबतो आहे. नॉर्वेतल्या फिन्सेच्या डोंगरांत १९९४ नंतर लेमिंगांची ती उसळी दिसेनाशी झाली. ईशान्य ग्रीनलंडमध्ये ट्रेल बेटावर बेनुआ सिटलर आणि त्यांचे सहकारी १९८८ पासून दर उन्हाळ्यात, बर्फ गेल्यावर उघडी पडणारी लेमिंगांची हिवाळी घरटी मोजत आले. २००० नंतर तिथली उसळी ओसरली, आणि हिमघुबडांचे अंडी घालणे जवळजवळ बंद पडले. कारण त्या पोकळीत आहे. हिवाळ्यात मध्येच ऊब आली, बर्फावर पाऊस पडला आणि पुन्हा गोठले, की भुसभुशीत बर्फाची काच होते. पोकळी बुजते, गवत काचेत अडकते. थंडी कमी झाली म्हणून उंदीर थंडीने आणि भुकेने मरतो.

त्याच काचेने माणसांचेही घर बुडवले आहे. गिदानच्या पश्चिमेला यमाल आहे. तिथे नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन वर्षभर फिरतात. आपल्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन फिरतात तसेच, बिऱ्हाड पाठीशी बांधून. नोव्हेंबर २०१३ मध्ये यमालवर बर्फ पडायच्या दिवसांत पाऊस पडला. मग थंडी आली आणि सगळी जमीन बर्फाच्या पत्र्याखाली गेली. रेनडिअर खुराने भुसभुशीत बर्फ उकरून खालचा चारा खातो. पत्रा त्याला फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे एकसष्ट हजार जनावरे उपाशी मेली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, २०१२-१३ मध्ये वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडून ज्यांनी सरपण केले, त्यांना दावणीचे जनावर उपाशी मरणे म्हणजे काय हे सांगायला नको. आपला चारा पाण्यावाचून गेला, त्यांचा पाण्यापायी. चारा तर त्यांच्या पायाखालीच होता.

समुद्रातली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुढे सविस्तर यायची आहे. ध्रुवसमुद्रात तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव असतात. थंड पाण्यातला प्रकार मोठा आणि चरबीने भरलेला. अटलांटिकच्या कोमट पाण्यासोबत येणारा त्याचा भाऊबंद लहान आणि कमी चरबीचा. स्वालबार्ड बेटांच्या कड्यांवर घरटी करणारा लिटल ऑक हा पक्षी पिलाला तो चरबीचा घास आणून देतो. कोमट पाणी वर सरकते तसतसा घास हलका होत जातो आणि पाखराला फेऱ्या वाढवाव्या लागतात. सीलची शिकार करायला पायाखाली बर्फ न उरलेले पांढरे अस्वल किनाऱ्यावर येऊन हंसांची आणि आयडर बदकांची अंडी खाताना दिसते. अस्वलाचे त्याने फारसे भागत नाही. एक वसाहत मात्र उठते.

आणि नवे पाहुणे. तांबडा कोल्हा उत्तरेला सरकला आहे. तो अंगाने मोठा, ध्रुवीय कोल्ह्याला बिळातून हुसकावतो. बीव्हर अलास्काच्या टुंड्रावर धरणे बांधू लागला आहे. उत्तर स्कँडिनेव्हियात दोन जातींचे पतंग बर्चची राने अळ्यांनी नागवी करतात. त्यांची अंडी हिवाळाभर फांदीवर असतात, आणि पूर्वी उणे पस्तीस-छत्तीस अंशांची एखादी रात्र ती मारून टाकत असे. आता अशा रात्री विरळ झाल्या. कपाशीच्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात कपाशी पोखरली, तेव्हापासून फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर रान मोकळे करा, असे कृषी विभाग सांगतो. रान मोकळे राहिले की अळीची साखळी तुटते. उत्तरेत ती साखळी कडाक्याची थंडी तोडत असे.

इथे एक सावधगिरी. ध्रुवप्रदेशात सगळ्यांचेच नुकसान होते आहे असे लिहिले तर ते खोटे ठरेल. टुंड्राचा बराच भाग उपग्रहातून पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो, खुरटी झुडपे उंच होत आहेत. काही हंसांची संख्या पुष्कळ वाढली, त्यात त्यांना हिवाळ्यात युरोप-अमेरिकेच्या शेतांत मिळणाऱ्या धान्याचाही हात आहे. जे जीव कोणत्याही घासावर भागवू शकतात, कुठेही घर करू शकतात, त्यांना हे दिवस बरे आहेत. ज्यांनी हजारो वर्षे एकाच घासाशी, एकाच मुहूर्ताशी नाते जोडले, ते मागे पडतात. मला या दुसऱ्यांची काळजी वाटते, आणि ती मी लपवणार नाही. ते गेले की त्यांच्यासोबत जगण्याची एक बारीक, कष्टाने जमवलेली पद्धत जाते, आणि झुडपे कितीही उंच झाली तरी ती परत येत नाही.

मराठी वाचकाची ध्रुवप्रदेशाशी ओळख तशी जुनी आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतली दीर्घ उषा आणि दीर्घ रात्र यांच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ स्थान ध्रुवाजवळ होते, असे त्यांनी त्यात मांडले. ते अनुमान आजच्या अभ्यासकांना मान्य नाही. पण महिनोन्‌महिने न मावळणारा सूर्य, आठवडे रेंगाळणारी पहाट, या गोष्टींवर एका मराठी माणसाने पुण्यात बसून शेकडो पाने विचार केला, आणि त्यानंतर कित्येक घरांत ध्रुव हा बोलण्याचा विषय झाला. पुढे आपण तिकडे शोधायला गेलो ते मूळ घर नव्हते, हवामान होते. भारताची पहिली ध्रुवीय मोहीम २००७ मध्ये उत्तरेला गेली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड इथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उघडले. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडली गेली, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही राहू लागले.

गोव्याच्या याच केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक शक्य संबंध मांडला आहे: कारा समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात फार घटतो त्या वर्षी मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीची शक्यता वाढते. कारा समुद्र म्हणजे यमाल, गिदान आणि तैमिर यांच्या माथ्यावरचा समुद्र, टिलव्याचे अंगण. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीन काढणीला आणि कपाशी बोंडावर येण्याचा महिना. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठची शेते कशी पाण्याखाली गेली ते आपण पाहिले. तो पाऊस कारा समुद्राने पाठवला, असे मी म्हणत नाही. एका पावसाचा दोष एका बर्फावर टाकता येत नाही. संबंध शक्य आहे, तपासला जातो आहे, आणि तो तपासणारी माणसे आपल्या शेजारच्या राज्यात बसली आहेत, एवढे वाचकाला माहीत असावे.

ध्रुवाकडून काय येते ते झाले. इथून काय जाते? टिलवा इथून जाताना आपल्या अंगावर आपल्या गाळातली चरबी नेतो. तीच त्याची वाटखर्ची. पैठणचा नाथसागर, अंबड-घनसावंगीच्या बाजूचे गोदापात्र, जोगलादेवीसारखे बंधारे, गावोगावचे पाझर तलाव: जिथे पाणी हळूहळू उतरते आणि ओला, किड्यांनी भरलेला काठ मागे ठेवते, तिथे हे पाखरू जगते. दुष्काळी वर्षी पाणी डिसेंबरातच आटते आणि गाळ तडकून कोरडा होतो. पात्रातली वाळू उपसली की काठच उरत नाही. गाळपेरा करणारा शेतकरी पाण्यामागोमाग पेरत जातो; त्याचे आणि पाखराचे आजवर बरे जमत आले, कारण अगदी पाण्यालगतचा चिखल दोघांनाही पेरता-चरता येईल इतका रुंद असे. आणि शेततळी. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाच्या कामाने आणि शेततळ्यांनी द्राक्षे फुलवली, याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण प्लास्टिक अंथरलेल्या, उभ्या उताराच्या शेततळ्याला गाळाचा काठ नसतो. पाणी वाढले, पाखराची जागा वाढली नाही. म्हणून जुने पाझर तलाव मातीने बुजू न देता, पण त्यांचा उथळ काठ तसाच ठेवून जपावेत असे मला वाटते. टुंड्रावरचा मुहूर्त आपल्या हातात नाही. इथली शिदोरी आहे.

हे पुस्तक वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. आईबाप टिलवे पिलांना टुंड्रावर सोडून आधी निघतात. पिले मागून, वाट दाखवणारे कोणी नसताना, त्याच वाटेने येतात. पोळा झाला, गणपती बसले की आपल्या गावच्या तळ्यावर एक चक्कर मारा. साधी दुर्बीण असली तर उत्तम. यंदाच्या कोवळ्या पाखराच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना खाली मिळालेल्या दिसतात. जुन्या पाखराच्या पाठीवर त्या तशा स्पष्ट नसतात. किती पाखरे होती, त्यांत रेघांची किती, पहिले कोणत्या तारखेला दिसले आणि एप्रिल-मेमध्ये शेवटचे कोणत्या तारखेला, एवढे वहीत लिहून ठेवा. दर वर्षी, त्याच तळ्यावर. लांगेबानलाही कोवळी आणि जुनी पाखरेच वेगळी मोजली होती. घाणेवाडीची वही मी लिहितो आहे. जाफराबाद, परतूर, मंठा इथे अजून कोणी लिहीत असल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.